धुऱ्यावरून डब्यात

आंब्याची आणि वऱ्हाडातल्या शाळेची गाठ जवळपास पडतच नाही. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर भरतात. विदर्भातल्या उन्हापायी त्या इथे जूनच्या चौथ्या आठवड्यात उघडतात. तोवर गावरान आंब्याची आढी उरकत आलेली असते आणि जांभळाचे दिवसही सरलेले असतात. टेंभरं, चारं, मोहाची फुलं तर भर उन्हाळ्याची. सुटीतलं मुलाचं खाणं घरावर, झाडांवर आणि आजीवर सोपवलेलं असतं. शाळेच्या वाट्याला येतो अख्खा पावसाळा, अख्खा हिवाळा आणि उन्हाळ्याचं तोंड. डब्यात काय द्यावं ही चर्चा म्हणून या तारखांपासून सुरू करावी. पोषणाचे तक्ते बारा महिन्यांसाठी छापलेले असतात, शाळा मात्र दहा महिन्यांची असते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. शेती बहुतांशी पावसावरची. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तिथे रब्बीत हरभरा आणि गहू, काही पट्ट्यांत हळद आणि संत्री. डाळी, तेलबिया, फळं सगळं इथेच पिकतं, आणि याच जिल्ह्याचं नाव २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशिम अशी चारच नावं त्या यादीत आहेत. मोंढ्यात धान्याची थप्पी लागते आणि मुलाच्या ताटात भाजी दिसत नाही, असं का होतं हे समजायला आधी शाळेच्या चुलीपाशी जावं लागतं.

शाळेतल्या जेवणाला सरकारी कागदावर आता ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ म्हणतात. गावात ती अजून खिचडीच आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं. प्रमाण असं आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, सहावी ते आठवीला याच्या दीडपट. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला म्हणजे रोज सहा किलो तांदूळ, सव्वा किलोच्या आत डाळ आणि तीन किलो भाजी. तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि सरपण किंवा गॅस यांच्यासाठी मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. साठ मुलांचे झाले चारशे सात रुपये.

आता तीन किलो भाजी म्हणजे काय ते पाहा. बहुतेक शाळांत ती बटाटा, पत्ताकोबी आणि टमाटे असते. स्वयंपाकी बाईला यात दोष देण्यासारखं काही नाही. आठवडी बाजार एकदाच भरतो. त्या दिवशी आणलेली मेथी दुसऱ्या दिवशी मान टाकते, बटाटा आठ दिवस टिकतो. तीन किलो तरोटा किंवा चवळाई निवडायची, धुवायची, चिरायची म्हणजे दोन बायांचा तासभर मोडतो. या कामाचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये आहे, तेही २०२३ मध्ये दीड हजारावरून वाढलेलं. बटाटा ही त्या पगाराला शोभेल अशीच भाजी आहे.

बटाट्याला पर्याय पूर्वी बाजारात शोधावा लागत नसे. तो वावरात होता, आणि त्याला कुणी पेरलेलं नसे. आषाढ-श्रावणात निंदणाला गेलेल्या बाया संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच परतत: तरोटा, कुंजरा, केना, घोळ, काटेमाठ, आघाड्याचा कोवळा पाला. धुऱ्यावरच्या काटेरी कुंपणावर कटुल्याचे वेल चढत. ज्वारीत आणि कपाशीत तुरीचं तास असे; त्या तासातच आजी मूठभर अंबाडी आणि बरबटी टोचून ठेवी, मध्येच वाळकाचा एखादा वेल. पिकाचा हिशेब मालकाचा, तासातल्या भाजीचा हिशेब बायकांचा. ती विकली जात नसे, म्हणून तिची नोंद कुठल्याच आणेवारीत नाही.

सोयाबीन आलं आणि हा हिशेब मोडला. शंभर दिवसांच्या आसपास निघणारं, पेरायला सोपं, रोख पैसा देणारं पीक. शेतकऱ्यानं ते घेतलं यात नवल नाही. पण दाट पेरलेल्या सोयाबीनमध्ये अंबाडीला जागा उरत नाही. आणि पेरणीनंतर काही दिवसांत इमॅझेथापरसारखं तणनाशक फवारलं की पिकाखेरीज फारसं काही तग धरत नाही. आपण ज्याला रानभाजी म्हणतो ते तणनाशकाच्या डब्यावरच्या भाषेत ‘रुंद पानांचं तण’ असतं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: निंदण ही कंबर मोडणारी मजुरी होती, आणि तणनाशकानं बायांच्या पाठीचा भार हलका केला आहे. रानभाजीचं कौतुक करणाऱ्या शहरी लेखांत हे येत नाही. पण त्या फवाऱ्यासोबत मुलांच्या ताटातली पावसाळ्याची फुकट भाजीही गेली, आणि तिची भरपाई ५० ग्रॅमच्या सरकारी आकड्यातून करायची वेळ आली.

अलीकडे कृषी विभाग दर ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. बचतगटांच्या बाया तिथे कटुले, तरोटा, शेवग्याचा पाला मांडून बसतात, भाज्या हातोहात संपतात. हौसेनं खाणाऱ्यांसाठी ते ठीकच आहे. शाळेला त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ओळख. पाचवीतल्या मुलाला पडीक वावरातली भाजी ओळखता आली पाहिजे, आणि फवारलेल्या शेतातली किंवा डांबरी रस्त्याच्या कडेची भाजी खुडायची नाही, हेही त्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे. अनोळखी पाला शाळेच्या पातेल्यात कधीच जाऊ नये. खात्रीची जाणकार बाई गावात असते. शिक्षकानं तिलाच एक दिवस शाळेत बोलवावं.

पाला पातेल्यात गेला की पुढची गोष्ट वऱ्हाडी स्वयंपाकानं केव्हाच सोडवलेली आहे. मुलं सुक्या पालेभाजीला नाक मुरडतात, पण डाळभाजी खातात. तुरीच्या डाळीत चिरलेला पाला, मूठभर शेंगदाणे, लसणाची फोडणी. भाताबरोबर ती ताटात राहत नाही. अंबाडीचं तंत्र वेगळं. पानं आधी उकडून आंबट पाणी पिळून टाकायचं, मग ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून घोटायची, वरून तेल-लसूण. फक्त ही आंबट भाजी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवू नये आणि ठेवूही नये, आंबटपणानं धातू विरघळतो. शाळांतली जुनी पातेली बरेचदा ॲल्युमिनियमचीच असतात.

हिरव्या पाल्याचा विषय निघाला की लोहाचा निघतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हा आकडा ५३.८ टक्के होता. हीच मुलं पुढे पहिलीत बसतात. पाल्यातलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. पालकात तर लोहाला अडवणारी द्रव्यंच भरपूर असतात, त्यामुळे त्याची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. सोबत क जीवनसत्त्व असलं की हेच लोह बरंच जास्त शोषलं जातं, म्हणून ‘खिचडीवर लिंबू पिळा’ असं सगळेच सांगतात. लिंबाला नाही म्हणू नये, पण हिशेब करून बघा. लिंबाच्या १०० मिलिलिटर रसात क जीवनसत्त्व असतं पन्नासेक मिलिग्रॅम. पाव लिंबातून निघतो चमचाभर रस, म्हणजे दोन-अडीच मिलिग्रॅम. त्यानं चव येते, लोहाचं फारसं काही साधत नाही. याउलट १०० ग्रॅम पेरूत, म्हणजे आपल्या जांबात, क जीवनसत्त्व असतं दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. आवळ्यात त्याहूनही जास्त. अर्धा जांब जेवणासोबत खाल्ला की डाळभाजीतल्या लोहाचं सोनं होतं. तो शिजवायचा नाही, चिरायचासुद्धा नाही. आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको. सकाळी चहात पोळी बुडवून शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी हे सांगायला हवं.

इथे एक फट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. खिचडी आठवीपर्यंत. नववीला मुलगी गेली की शाळेचं जेवण थांबतं, आणि पाळी सुरू होऊन तिच्या शरीराची लोहाची गरज वाढते ती नेमकी याच वयात. तिथून पुढे सगळी मदार घरून येणाऱ्या डब्यावर. खेड्यातून तालुक्याला एसटीनं जाणारी मुलगी सकाळी आठला डबा घेऊन निघते आणि तो दीड वाजता उघडते. मधले पाच-सहा तास पोटाचे कसे जातात ते जातात, पण भाजीचेही जातात, आणि हंगामी भाज्यांपैकी बऱ्याच तिथेच हरतात.

पावसाळ्यातले दोडके, गिलके, दुधी यांच्यात पाणी फार. मीठ पडलं की ते सुटतं, पोळीला लागतं, वहीपर्यंत पोचतं, आणि मग मुलगी सांगते, आई, डब्यात बटाटाच दे. यावर जुना इलाज पीठ पेरण्याचा. दोडका बारीक चिरून फोडणीवर परतायचा, झाकण न ठेवता पाणी आटवायचं आणि शेवटी बेसन भुरभुरून दणदणीत वाफ काढायची. भाजी कोरडी होते, बेसनामुळे पोटभरीची होते आणि संध्याकाळपर्यंत वास मारत नाही. भेंडी आणि गवार मुळातच डब्याच्या भाज्या. मेथी, शेवग्याचा पाला, चवळाई यांना कणकेत घेणं बरं: तिखट-हळद-तीळ घालून लाटलेली पोळी हीच भाजी होते, वेगळ्या डबीची गरजच नाही. पोळ्याच्या सुमारास कोहळं निघतं. त्याची बोंडं सणाला होतातच. तोच कीस गुळात शिजवून गव्हाच्या पिठात मळला तर आठवडाभर अधूनमधून डब्यात देता येईल अशी गोड पोळी होते. कोहळ्याचा केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते द्रव्य पचायला थोडं तेल-तूप लागतं. आजीनं पोळीवर फिरवलेला तुपाचा हात म्हणून वाया जात नाही.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरतात तेव्हा खरी श्रीमंती सुरू होते. वर्षभरात मुलांना भाजी खायला शिकवायची असेल तर या तीन महिन्यांत शिकवावी. हरभरा वीतभर वर आला आणि फुलावर यायच्या आधी त्याचे शेंडे खुडतात. खुडल्यानं झाड फुटतं, घाटे वाढतात. भाजी हा फुकटचा फायदा. खुडणाऱ्या बाईच्या बोटांना आंब लागते, ती दिवसभर जात नाही. ही भाजी परंपरेनं धूत नाहीत, कारण धुतली की आंबटपणा वाहून जातो. आज मात्र फवारणीचा भरवसा नसेल तर आंबटपणाचा लोभ सोडून धुवावीच. कच्च्या पाल्यात कांदा, तिखट, तेल घालून कालवलेला घोळाणा मुलं भाकरीसोबत चिवड्यासारखा खातात. उरलेला पाला सावलीत वाळवून डब्यात भरला की उन्हाळ्यापर्यंत पुरतो.

पाठोपाठ तुरीचे सोले. हिरव्या दाण्यांची आमटी, सोलेभात, वांग्यात घातलेले सोले. शाळेच्या मसालेभातात वाटाण्याऐवजी सोले टाकायला कुठलाच शासन निर्णय आडवा येत नाही. शहरातून आलेला मटार या जिल्ह्यात ऐन डिसेंबरात विकत घेणं म्हणजे तुरीच्या वावरात उभं राहून तूर शोधणं. शेंगा सोलायला वेळ लागतो हे खरं. पण साठ मुलं आहेत, हात एकशे वीस आहेत, आणि शेवटच्या तासिकेत मुलांकडून सोलून घेतलेले दाणे दुसऱ्या दिवशी ताटात आले की ‘मला नको’ म्हणणारं पोर कमी सापडतं.

फळांचं म्हणाल तर शाळेच्या फाटकाबाहेर एकेकाळी सबंध हंगाम मांडलेला असे: बोरं, चिंचा, आवळे, महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठं, आणि वाळल्या बोरांचं तिखटमीठ घातलेलं बोरकूट. टोपलीवर धूळ बसायची, आयांना ते आवडायचं नाही. आता तिथे रंगीत पाकिटं लटकतात, त्यांच्यावर धूळ बसत नाही. मला त्या टोपलीचा पक्ष घ्यावासा वाटतो, फक्त तिच्याशेजारी पाण्याची बादली हवी.

संत्र्याची गोष्ट मात्र फाटकाबाहेरच्या टोपलीइतकी साधी नाही. मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव, रिसोड या भागांत बागा आहेत. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा शाळा चालू असते. निसर्गानं हे वेळापत्रक मुलांसाठीच बेतलं असावं असं वाटतं. पण व्यापारी झाडावरची बाग उक्ती घेतो, मोठी फळं पेट्यांत परराज्यांत जातात आणि लहान फळांना भाव नसतो. भाव नसलेलं लहान संत्रं मुलाच्या मुठीत बसतं, सालीतच पॅक होऊन येतं, त्याला फ्रिज लागत नाही. शाळेत आठवड्याला एकदा पूरक आहार द्यायचा असतो, त्यात बहुधा केळं किंवा बिस्कीट येतं. केळं चांगलंच आहे. बिस्किटाच्या जागी मात्र हंगामात ही लहान संत्री घ्यायला शाळा व्यवस्थापन समितीला एका ठरावाचं काम आहे, आणि बागवानाला चार पैसे जास्त मिळतात.

हे जमतं का, तर ब्राझीलकडे पाहावं. तो देशही सोयाबीन आणि संत्र्यांचा. दोन्हींच्या उत्पादनात जगात अग्रभागी. तिथे २००९ मध्ये कायदा झाला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशापैकी किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावरच खर्चायची. मोठ्या मळ्यांचा माल बोटीत चढत राहिला, पण शाळेच्या स्वयंपाकघराला जवळच्या शेतकऱ्याचा दरवाजा उघडला. आपल्याकडे डाळ-तेल-मसाला जिल्हाभरासाठी ठेकेदाराकडून येतो. स्थानिक खरेदीला खरी जागा भाजीपाल्याच्या थोड्या रुपयांतच आहे. ती थोडीशी जागासुद्धा आपण बटाट्याला देऊन टाकली आहे.

राज्यानं जून २०२४ मध्ये शाळांसाठी पाककृतींची नवी यादी दिली: वेगवेगळे पुलाव, मोड आलेली मटकी, नाचणीचं सत्त्व, आणि मूग-शेवगा वरणभातसुद्धा. यादी चांगली आहे, फक्त ती सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत एकच आहे. वाशिममध्ये शेवग्याच्या शेंगा भरघोस मिळतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. ऑगस्टमध्ये त्या शोधत फिरण्यापेक्षा त्याच झाडाचा पाला वरणात घालावा. यादी बनवणाऱ्यांनी पदार्थाचं नाव लिहिलं आहे, महिना गावानं लिहायचा आहे.

हिवाळ्याच्या या श्रीमंतीत काही मुलं गावात नसतात. मानोरा, मंगरूळपीर भागातल्या तांड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. जांब, बोरं, सोले, संत्री यांचा सगळा हंगाम त्या पोरांचा कामाच्या ठिकाणच्या कोपीवर, झोपडीत जातो. जी मागे राहतात ती आजी-आजोबांकडे किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात. वसतिगृहात दोन वेळचं जेवण असतं. त्यात रोजची एक हिरवी भाजी आणि एक फळ बंधनकारक केलं तर इथल्या बाकी सगळ्या सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं माझं मत आहे, कारण या मुलांना घरचा डबा भरून द्यायला आई गावात नसते.

शाळेच्या परसबागेबद्दल केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या, आणि राज्यात परसबागांच्या स्पर्धाही होतात. स्पर्धेतली बाग फोटोत छान दिसते. मे महिन्यात ती बहुतेक ठिकाणी जळते, कारण शिक्षक सुटीवर आणि बोअर आटलेलं. म्हणून वाशिमसारख्या जिल्ह्यात वाफे सहा महिन्यांचे आणि झाडं कायमची असा हिशेब ठेवावा. जुलै ते डिसेंबर मेथी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), बरबटी. बांधाकडेला दोन-तीन शेवगे, एक कढीपत्ता, एक लिंबू, एक जांब. मुलांच्या हात धुण्याचं पाणी ज्या चरीतून जातं तिथे केळी आणि अळू. साठ मुलं जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतात, एवढ्या पाण्यावर केळीची दोन खोडं आरामात पोसतात. रोपं आणि बियाण्याबद्दल रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारावं.

शेवगा मात्र उंच जाऊ देऊ नये. छातीएवढा झाला की शेंडा मारायचा, दर पावसाळ्याच्या सुरुवातीला छाटायचा. म्हणजे पाला हाताशी राहतो आणि पोरं फांदीवर चढून पडत नाहीत, त्याची फांदी ठिसूळ असते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळा सुरू होतात, वावरात हिरवं काही उरत नाही, तेव्हा शेवग्याचीच शेंग आणि मघाची वाळवलेली हरभऱ्याची भाजी उपयोगी पडते. शेंगांबद्दल स्वयंपाकी बायांची एक तक्रार असते: मुलं चोखून चोथा ताटाबाहेर टाकतात, वर्ग झाडून काढावा लागतो. तिच्यावर उपाय सोपा आहे. शेंगा आधी वेगळ्या उकडायच्या, चमच्यानं आतला गर खरवडून घ्यायचा आणि तो मुगाच्या वरणात मिसळायचा. लहानांना गराचं वरण, सहावीच्या वरच्यांना अख्ख्या शेंगा, आणि चोथ्यासाठी दारात एक टोपलं. ते संध्याकाळी शेवग्याच्याच आळ्यात रिकामं करायचं.